लेसोथोच्या बनियनवरची खूण

हे आजपर्यंत माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मुलीने नाही, भावाने नाही. देवळात बसून देवालाही सांगितलं नाही — तिथेही ओठ हलवावे लागतात, आणि या एका बाबतीत माझे ओठ हलत नाहीत. जिला सांगायला हवं होतं ती गेल्या थंडीत गेली. आता उरलात तुम्ही. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. तेच बरं. ओळखीचं माणूस समोर असतं तर मी पुन्हा खोटं बोललो असतो.

मी परीट. हडपसरला दुकान होतं, आता शटर लावलेलं असतं. चौथी झालोय, तीही रडतखडत. हात इस्त्रीला सरावलेला, पेनाला नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

आधी नीळ सांगतो. म्हणजे — कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून.

माझी बायको शकू, तिने नीळ सोडली. लोक चहा सोडतात, गोड सोडतात. परटाच्या बायकोने नीळ सोडलेली कधी ऐकलीय का? मरेपर्यंत तिने निळीच्या बाटलीला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. पांढरे कपडे आमच्याकडून मळकट दिसायला लागले. समोरच्या सोसायटीतले एक निवृत्त मास्तर एकदा सदरा उलगडून म्हणाले, "अहो, आम्ही पांढरा सदरा टाकला होता. तुमच्याकडे त्याला हळद लागली का?" मी हसलो. नीळ हल्ली चांगली येत नाही म्हणालो. शकू आत इस्त्रीपाशी उभी होती, तिने मान वर केली नाही.

तिने नीळ का सोडली हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. असं ती समजत होती. खरं ठाऊक होतं एकट्या मला.

बालेवाडीला बाहेरच्या देशांच्या तरुण पोरापोरींचे खेळ झाले होते, आठवत असेल तुम्हाला. रस्ते रंगवले होते, भिंतींवर चित्रं काढली होती. पळणं, कुस्ती, पोहणं, सगळंच. त्या पोरांचे कपडे धुवायचा ठेका एकाने घेतला होता. त्याचं नाव नको. त्याने पुण्यातले परीट गोळा केले, त्यात आम्ही दोघं. मोठाली मशिनं, लांबच लांब शेड. मला मशिनवर घातलं आणि शकूला कपडे घेण्या-देण्याच्या खिडकीवर, कारण ती बोलकी. भाषा येत नसली तरी बोलायची. पंजाब्याशी मराठीत, कानड्याशी मराठीत, आणि त्या परदेशी पोरांशीही मराठीतच. त्यांना कळायचं कसं, देव जाणे.

मोठ्या देशांच्या पिशव्या ट्रॉलीवरून यायच्या. लेसोथो म्हणून एक देश — आफ्रिकेतला, डोंगरातला, एवढासा — त्यांची पिशवी एक पोरगी स्वतः काखोटीला मारून आणायची. तिचं नाव लिनेओ. शकूने पहिल्याच दिवशी तिची लीना केली. तिच्या बनियनवर त्यांच्या झेंड्यातली काळी टोपी होती, गवताची, वर शेंडी असलेली. केस अगदी बारीक कापलेले. शकू म्हणाली, "हिच्या आईला विंचरायचा ताप नाही." पोरगी दोन्ही हातांनी डोंगर दाखवायची, खांद्याभोवती घोंगडी ओढल्यासारखं करून कुडकुडून दाखवायची, आणि मग आमच्या ऑक्टोबरच्या उन्हाकडे बोट करून जीभ बाहेर काढायची. बाकीच्या बायका शकूला मावशी म्हणायच्या, तेही तिने उचललं. खिडकीपाशी आली की आधी "मावशी", मग पिशवी.

ती दोन फेऱ्यांची शर्यत पळायची. पहिल्या पळण्यात पुढे आली आणि दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या शर्यतीसाठी निवडली गेली. शकू खिडकी सोडून जाळीपाशी गेली होती, पदराचं टोक दातात धरून. त्यांना पळायला शिकवणारा मास्तर, पोट सुटलेला भला माणूस, आमच्या शेडपर्यंत येऊन नाचला. आमच्यातल्या एका शिकलेल्या पोरीने त्याचं बोलणं सांगितलं — हिने पदक घेतलं तर त्यांच्याकडे गावोगाव रेडिओवर सांगतील. एवढा लहान देश. एक पदक आलं तर सगळ्यांना कळणार, सगळ्यांच्या घरचं.

त्या संध्याकाळी शकूने तिचं बनियन मशिनमध्ये टाकू दिलं नाही. बादलीत हाताने धुतलं. बाजूची पांढरी पट्टी उठून दिसावी म्हणून घरून आणलेल्या बाटलीतली नीळ घातली, चार थेंब. ठेकेदाराने बजावलेलं होतं, दिलेल्या पावडरीशिवाय कपड्याला काही लावायचं नाही. मी तिला म्हणालो, "अगं, बघेल कुणी." ती म्हणाली, "बघू दे. टीव्हीवर दिसायचंय तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची मान सुजलेली होती. मानेमागे फोड, पाणी भरलेले. कानामागून गालापर्यंत लाल. पापण्या अशा सुजल्या होत्या की डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी. तो मास्तर तिला धरून आमच्या शेडवरून दवाखान्याकडे नेत होता, तेव्हा मी पाहिलं. शकूनेही पाहिलं. तिच्या हातातला ढीग खाली पडला.

शर्यत संध्याकाळी होती.

डॉक्टर लोकांना धास्ती पडली की हे पसरणारं तर नाही. गोवर, कांजिण्या, असलं काही. एवढी पोरं एका जागी राहतात, एकत्र जेवतात. त्यांचं चुकलं म्हणणार नाही मी. तिला एका खोलीत वेगळं ठेवलं आणि कारण शोधायला निघाले — जेवणघरात गेले, गाद्या पाहिल्या, मग आमच्याकडे आले. ठेकेदार पुढे, मागे एक तरुण डॉक्टरीण.

ठेकेदाराने तोंड उघडायच्या आत शकूच म्हणाली, "मी नीळ घातली. माझ्याच हाताने." रडत नव्हती. सरळ सांगितलं.

ठेकेदार जे बोलला ते मी लिहीत नाही. तिच्या गळ्यातला पास त्याने ओढून घेतला. दोरी मानेला घासली. मी मशिनपाशी उभा होतो. हात पुसत होतो — कोरडेच होते हात, तरी पुसत होतो.

डॉक्टरीण मात्र शांत होती. म्हणाली, निळीने एवढं होईलसं वाटत नाही, पण सांगताही येत नाही. मग माझ्याकडे वळली. ते बोलणं मला आजही शब्दाला शब्द येतं.

"काका, घाबरू नका. कपड्याला निळीशिवाय आणखी काही लावलं होतं का? लावलं असेल तर सांगा. कपड्यामुळे झालंय असं कळलं तर ते पसरणारं नाही, मी लिहून देईन, ती संध्याकाळी पळेल. नाहीतर तिला खोलीबाहेर काढता येणार नाही."

इतकं स्वच्छ विचारलं हो. अडाणी माणसालाही कळेल असं.

मी म्हणालो, "नाही. आम्ही तसलं काही वापरत नाही."

आता लिहितो. पाणी पिऊन आलो.

बिब्बा लावला होता मी.

बिब्बा तुम्हाला ठाऊक असेल — काळं फळ, सुईने टोचलं की चीक निघतो. त्याचा ठिपका कापडावर दिला, वर चुना लावला, की कापड फाटेल पण ठिपका जाणार नाही. माझा बाप त्यानेच खुणा करायचा, त्याचा बापही. एका घराला दोन ठिपके, दुसऱ्याला ठिपका आणि आडवी रेघ. शंभर घरांचे कपडे एकत्र धुवा, आम्ही डोळे झाकून वेगळे करू. पण बिब्बा उततो. चीक अंगाला लागला तर फोड येतात, एखाद्याला तर नुसत्या वाऱ्यानेही. माझ्या धाकट्या भावाचं तोंड लहानपणी असंच सुजलं होतं, आई आठवडाभर खोबरं चोळत होती. म्हणून ताजी खूण केलेला कपडा कधी परत द्यायचा नाही. चुना मुरू द्यायचा, पुन्हा धुवायचा, उन्हात टाकायचा, मगच द्यायचा. परटाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे.

तिथे कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या असायच्या, इंग्रजीत. मशिनमध्ये त्या सुटायच्या. लेसोथोच्या दोन पोरींची बनियनं अगदी सारखी होती, एक लिनेओचं, दुसरं उडी मारणाऱ्या मुलीचं. सुरुवातीलाच एकदा त्या दोन बनियनांची आदलाबदल झाली आणि ठेकेदार सगळ्यांसमोर मला म्हणाला, "एवढं वाचता येत नाही तर मशिनवर कशाला उभा राहतोस?" माझं वय काय, त्याचं काय. डोकं फिरलं माझं. म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्या राहू दे तुझ्यापाशी. डब्यातून बिब्बा काढला. दोन्हींतलं एक बनियन उचललं — कोणतंही चाललं असतं, एकाला खूण केली की दुसरं आपोआप ओळखू येतं — आणि मानेमागच्या कंपनीच्या लेबलाखाली ठिपका दिला, कुणाला दिसू नये असा. चुना लावला. मुरू दिला नाही. पुढचा ढीग येत होता, घाई होती. वाळवलं आणि दिलं.

उचललं ते लिनेओचं होतं.

ती ते घालून उन्हात सराव करत राहिली, घाम गाळत राहिली, मान खाजवून तोच हात डोळ्यांना लावत राहिली. शकूच्या निळीच्या कितीतरी आधी ते सुरू झालं असणार. लेबलाखाली कोण बघतं? शकूनेही बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या पांढऱ्या पट्टीवर होतं.

पोरीची मान पाहिली त्या क्षणी मला कळलं होतं. तेव्हा, मला काय माहीत होतं असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टरणीने विचारलं तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर होतं. का दिलं नाही? ठेकेदाराने पुढे एका हॉटेलचं काम देतो म्हटलं होतं, ते जाईल म्हणून? असेल. पण खरं सांगू — लाज. सगळे पुण्याचे परीट तिथे उभे होते, आणि नवशिक्याने करावी ती चूक मी केली होती, रागाच्या भरात. एवढ्यासाठी. बायकोचा पास ओढला जात होता, पोरगी खोलीत कोंडलेली होती, आणि मला माझी लाज दिसत होती.

दुपारी तो मास्तर धुवायला म्हणून पिशवी देऊन गेला. त्यात ते बनियन होतं. मी आडोशाला जाऊन ब्लेडने लेबल उसवलं, ठिपक्यापुरतं कापड कापलं, आणि दोन्ही गटारात टाकलं. मग हात धुतले आणि पुढचा ढीग मशिनला लावला. हे मला जास्त छळतं.

संध्याकाळी जाळीपाशी गेलो. शर्यतीच्या सुरुवातीला प्रत्येकीची एकेक पट्टी असते. पोरी उभ्या होत्या, मधली एक पट्टी मोकळी. बार झाला, पोरी पळाल्या. ती पट्टी तशीच. लोक ओरडत होते, कुणाचं लक्ष असणार तिकडे? त्यांचा मास्तर कठड्यापाशी उभा होता, पळणाऱ्यांकडे बघत नव्हता. पुढे त्या देशाच्या बाकीच्या पोरांचं काय झालं, कुणाला काही मिळालं का, मी विचारलं नाही. आजही माहीत करून घेतलेलं नाही.

शकू सकाळीच बसने एकटी घरी गेली होती. मी राहिलो. दुसऱ्या दिवशीही गेलो कामाला, तिसऱ्याही. खेळ संपेपर्यंत गेलो. रोज घरी आलो की ती दारातच विचारायची, "कशी आहे ती? डोळे उघडले का?" मी म्हणायचो, "बरी आहे. तू जेव."

जायच्या दिवशी पोरगी खिडकीपाशी आली. सूज उतरली होती, कातडी सोलून निघालेली. तिने आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी?" मी हाताने दाखवलं, नाही, गेली. तिने छातीवर हात ठेवला, मग खिडकीकडे केला, म्हणजे माझा निरोप सांगा. राग नव्हता तिच्या तोंडावर. मी मान डोलावली. निरोप घरी नेला नाही. सांगितला असता तर शकू रडली असती, आणि ती रडली असती तर माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं. म्हणून तो निरोप मी पचवला. त्या पोरीने माफ केलंय, एवढं ऐकलं असतं तर शकूची नीळ सुटली असती का? सांगा.

पुढे दर चार वर्षांनी टीव्हीवर ते जगाचे मोठे खेळ लागायचे. सुरुवातीला सगळे देश झेंडे घेऊन चालत जातात ना, ते शकू न चुकता बघायची. जेवण लांबवायची. काळ्या टोपीचा झेंडा आला की पुढे सरकून म्हणायची, "आले बघा, आले." चारपाच माणसं असायची, अंगावर घोंगड्या घेतलेली. तिला त्यात लिनेओ शोधायची असायची. नसायची ती. झेंडा पडद्यावरून गेला की म्हणायची, "माझ्यामुळे एक कमी." मी पाणी प्यायला उठायचो. प्रत्येक वेळी. त्या घरात माझ्याइतकं पाणी कुणी प्यायलं नसेल.

एकदा म्हणाली, "अहो, पण तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. दुसरा असता तर टाकून बोलला असता." माझे उपकार मानत होती ती. तेही मी घेतले.

कधी मनात येतं, तिला ठाऊक असेल. तिने लेबल उलटून पाहिलं असेल आणि मला वाचवायला नीळ पुढे केली असेल. हे मी स्वतःला रात्रंदिवस सांगून पाहिलंय, गोड लागतं. पण नाही. शकूला ठाऊक असतं तर तिने माझ्या हाताला धरून मला डॉक्टरणीपुढे उभं केलं असतं. तशी होती ती. तिला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिचा आवाज बसला होता. मी पलंगापाशी स्टुलावर. दुपारची वेळ, बाजूच्या बाईचे पाहुणे गेलेले, वॉर्डात शांत. ती म्हणाली, "लीनाचं लग्न झालं असेल हो आता. पोरं असतील. त्यांना सांगत असेल का, पुण्यात एक बाई होती म्हणून?"

तेव्हा सांगायचं होतं. कुणी नव्हतं. ठेकेदार नव्हता, परीट नव्हते, हॉटेल नव्हतं, कसलं काम नव्हतं. लाजायचं कुणापुढे? चार शब्द होते — नीळ नव्हती, बिब्बा होता. ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणालो, "बोलू नकोस. दम लागेल."

दोन दिवसांनी गेली.

दहाव्याला घाटावर माणसं जमली होती. मुलगी मंदा सगळ्यांना आईच्या गोष्टी सांगत होती. हीही सांगितली. आईने माया म्हणून त्या परदेशी मुलीच्या बनियनला नीळ घातली, ती मुलगी आजारी पडली, आणि आई जन्मभर हळहळत राहिली. "आईकडून आयुष्यात तेवढी एकच चूक झाली," मंदा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग रडता रडता ती माझ्याकडे वळली, "हो ना हो, दादा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी हो म्हणालो.